मंगळ, मंगल आणि नल

"काका, डेटाबेस लॉक झालाय. चावी कोणाकडे असते?"

फोन आमच्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांचा होता. ते माझ्याहून फारसे लहान नाहीत, पण भोपाळच्या मराठी मंडळात निवृत्त माणूस हा सगळ्यांचाच काका असतो. मी बरखेड्याच्या कारखान्यात संगणक विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अवधपुरीत घर घेतलं. तेव्हापासून प्रिंटर अडकला, फोनवर मराठी येईना किंवा नातवाचा खेळ उघडेना, तर मंडळाला माझी आठवण होते. एरवी होत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही.

"चावी नसते," मी म्हटलं. "कोणीतरी फाइल उघडी ठेवली असेल."

"कोणीच नाही ठेवली. मी तर कधीची बंद केली."

"उद्या येऊन बघतो."

हे सॉफ्टवेअर मंडळाच्या वधू-वर सूचक विभागाचं. त्याच्या उद्घाटनाला मी हजर होतो. नावात 'डिजिटल', 'सेतू' आणि 'महा' हे तिन्ही शब्द होते. समई लावली गेली, संगणकाला हळद-कुंकू वाहिलं गेलं, नारळ मात्र संगणकापासून चार हात लांब फोडला गेला. त्या दिवशीचा तेवढाच एक तांत्रिक निर्णय. अध्यक्ष म्हणाले, पूर्वी स्थळं वडीलधाऱ्यांच्या डोक्यात असायची, आता ती ढगात असतील. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं ते अध्यक्षांच्या ओळखीचे गृहस्थ. त्यांना शाल मिळाली आणि त्यानंतर त्यांचा फोन कधी लागला नाही.

ढग वगैरे काही नव्हतं. मंडळाच्या कार्यालयातल्या संगणकावर एक फाइल होती, तीच कार्यवाह आपल्या लॅपटॉपवरून उघडत. हलका डेटाबेस म्हणतात तो हा: सर्व्हर नको, देखरेखीला माणूस नको, सगळा संसार एका फाइलीत. या प्रकाराबद्दल मला आदर आहे. तुम्ही द्याल ते तो ठेवतो आणि विचाराल तेवढंच सांगतो. आमच्या कार्यकारिणीला या दोनपैकी एकही गोष्ट जमत नाही.

तरीही मी गेलो नसतो. गेलो ते भाचीसाठी.

माझी धाकटी बहीण बरखेड्यालाच राहते. भावोजी गेले तेव्हा भाची शाळेत होती. आता ती एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तिशी ओलांडून थोडी पुढे गेली आहे. सॉफ्टवेअर आलं त्याच आठवड्यात बहिणीने तिचं नाव नोंदवलं, आणि दोन वर्षांत एकही फोन आला नाही. नकार आला असता तर निदान काय नडलं ते कळलं असतं. इथे नकारही नव्हता. बहिणीने मग कारणं स्वतःच शोधली. आधी चष्मा काढायला लावला. मग फोटो बदलला, मग 'भौतिकशास्त्र' काढून 'शिक्षिका' लिहायला लावलं, कारण फार शिकलेली म्हणून लोक बिचकत असतील. एकदा तर मला म्हणाली, "दादा, मीच विधवा आहे म्हणून असेल का रे?" मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

भाचीला बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. तिने ती एकदा वर्षभर लांबवून घेतली होती. आईशी तिचा तह झाला होता: मंडळाचा वधू-वर मेळावा होईपर्यंत इथे थांबायचं, त्यानंतर जायचं. मेळावा महिन्यावर आला होता. म्हणजे त्या फाइलीत माझ्या भाचीचं एक वर्ष अडकलं होतं, आणि कार्यवाह चावी शोधत होते.

कुलूप पाच मिनिटांत निघालं. कार्यवाहांच्या लॅपटॉपवर पडद्याच्या तळाला पट्टीत एक खिडकी दुमडून ठेवलेली होती. आत कोणा इंजिनियरची उंची अर्धवट बदललेली.

"ही काय आहे?"

"ती बंद केलेली आहे."

"ही खाली ठेवलेली आहे. बंद केलेली नाही."

"दिसत नाही म्हणजे बंदच ना, काका."

त्यांना समजावलं. हा डेटाबेस वाचायला कितीही जणांना देतो, पण लिहायला एका वेळी एकालाच. तुम्ही बदल सुरू केला आणि तो जतनही केला नाही, रद्दही केला नाही, तर तो तुमची वाट बघत दार धरून उभा राहतो. बाकीच्यांना सांगतो, डेटाबेस इज लॉक्ड. कार्यवाहांनी मान हलवली आणि खिडकी पुन्हा खाली ठेवली. शेवटी ती मीच वर काढून बंद केली.

कुलूप निघालं तसं मी आतलं बघितलं. असा डेटाबेस रकान्यात काय आलंय याची फारशी चौकशी करत नाही. तसं बजावून ठेवलं नसेल तर आकड्याच्या जागी कविता दिली तरी घेतो. उंचीच्या रकान्यात 'पाच फूट चार', '५.४', 'मध्यम' आणि एका ठिकाणी 'वडिलांएवढा' होतं. जन्मतारखा मजकूर म्हणून भरलेल्या, त्यामुळे वयाप्रमाणे क्रम लावला की सगळ्यांत आधी एक तारखेला जन्मलेले सगळे येत, मग ते आजोबा होण्याच्या वयाचे का असेनात.

आणि मंगळ. शोधताना पहिला प्रश्न तोच असायचा: मंगळ असलेली स्थळं हवीत की नसलेली? त्या रकान्यात 'आहे', 'नाही', 'नही', 'सौम्य', 'मंगळ' आणि 'मंगल' असे सगळे एकत्र नांदत होते. 'मंगल' सर्वांत जास्त.

"हे मंगल कोणी लिहिलं?"

"मीच. फोनवर mangal टाकलं की तेच येतं वर. तो कीबोर्ड हिंदीचा आहे ना."

"आपल्यात मंगल म्हणजे शुभ. मंगल कार्यालय. ग्रहाला मंगळ म्हणतात."

"अरे काका, ल काय आणि ळ काय. समजतं ना सगळ्यांना."

सगळ्यांना समजतं, संगणकाला नाही. त्याच्या लेखी ल आणि ळ ही दोन अक्षरं आहेत, जशी ती आमच्या आजीच्या लेखी होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गृहस्थांनी 'मंगळ' शोधायला सांगितलेलं, त्यामुळे 'मंगल' लिहिलेली मंडळी ग्रहदोषातून मुक्त होऊन 'नसलेल्यां'मध्ये जाऊन बसली होती. ज्या मंडळाच्या पाटीवर रंगाऱ्याने 'मराठी मंडल' लिहिलंय आणि ते अजून कोणाला खटकलेलं नाही, तिथे याहून वेगळं काय व्हायचं.

मी सगळे 'मंगल' आणि 'मंगळ' एकत्र करून 'आहे' केले, 'नही'चं 'नाही' केलं आणि सॉफ्टवेअरलाही 'मंगळ'ऐवजी 'आहे' शोधायला सांगितलं. मग भाचीला शोधलं. मंगळ असलेल्या मुलींत ती नव्हती. मंगळ नसलेल्या मुलींतही नव्हती. दोन्हींची बेरीज केली तर एकूण नोंदींपेक्षा बरीच कमी भरली.

थेट टेबल उघडलं तेव्हा ती दिसली. चष्मा नसलेला फोटो, 'शिक्षिका', पत्ता, सगळं जागच्या जागी. मंगळाचा रकाना रिकामा.

तो का रिकामा, ते मला ठाऊक होतं. नोंदणीच्या वेळी मी समोर होतो. बहिणीने विचारलं होतं, मंगळापुढे काय लिहू? भाची म्हणाली होती, "काही लिहू नको. जन्मवेळ त्या नर्सला विचारा आणि मंगळाचं मंगळाला विचारा."

आता थोडं तांत्रिक, पण यातच सगळं आहे. डेटाबेसमध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, 'नाही'ही नव्हे. त्याला इंग्रजीत नल म्हणतात: माहीत नाही. नल हा 'आहे'च्या बरोबरीचा आहे का, असं विचारलं तर उत्तर येतं, माहीत नाही. 'आहे'पेक्षा वेगळा आहे का, असं विचारलं तरी उत्तर तेच. आणि ज्याचं उत्तर स्पष्ट 'हो' नाही ती ओळ डेटाबेस यादीत घेत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी दोनच प्रश्न लिहिले होते. रिकाम्यांसाठी तिसरा प्रश्न वेगळा लिहावा लागतो, हे अशा कामातला नवशिकाही पहिल्या महिन्यात ठेच लागून शिकतो. शालीपायी ते राहून गेलं असावं.

तर दोन वर्षं माझ्या भाचीला कोणी नाकारलंच नव्हतं. तिला कोणी पाहिलंच नव्हतं. चष्मा उगाच काढला होता.

ही बातमी बहिणीला सांगितली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"मग तू 'नाही' भरून टाक ना, दादा. तुझ्याच हातात आहे."

"आहे की नाही हे मला कुठे माहीत आहे?"

"कोणाला माहीत आहे? सगळे भरतातच की."

आतल्या खोलीतून भाची म्हणाली, "मामा, काही भरू नको. रिकामं दाखवता येत असेल तर दाखव."

येत होतं. एक ओळ लिहायची होती. मी ती लिहिली: मंगळ असलेले, नसलेले आणि 'नोंदवलेलं नाही' असे तीन गट. स्वतःच्या अधिकारात बदल केला असं नको म्हणून ते कार्यकारिणीपुढे ठेवलं. ही माझी नोकरीतली सवय.

बैठक रविवारी सकाळी होती, पोहे आणि जिलेबीसकट. अध्यक्ष सरकारी खात्यातून फार वरच्या जागेवरून निवृत्त झालेले. अजूनही 'मी बघतो' म्हणतात तेव्हा समोरचा नकळत उभा राहतो. मी सांगायला लागलो की अडचण नलची आहे.

"नल?" अध्यक्षांनी जिलेबी खाली ठेवली. "तो तर मागच्याच आठवड्यात दुरुस्त करवला ना?"

"तो गेटापाशीचा," कार्यवाह म्हणाले. "त्याचा वॉशर बदलवला, साहेब."

"पाण्याचा नळ नाही," मी म्हटलं. "नल म्हणजे रिकामा रकाना."

"मग रिकामा म्हणा ना. मराठी मंडळात बसून हिंदी का बोलता?"

ते हिंदी नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. तीन गट दाखवले. अध्यक्षांनी तिसऱ्या गटाच्या नावावर बोट ठेवलं.

"'नोंदवलेलं नाही' म्हणजे काय? संस्थेला माहीत नाही?"

"हो. संस्थेला माहीत नाही."

"असं कसं चालेल? मेळाव्याला महापौर येताहेत. मोठ्या पडद्यावर दाखवणार आपण. आपल्या संस्थेला 'माहीत नाही' शोभत नाही."

कोषाध्यक्ष म्हणाले, "ऐसा है, ज्यांनी लिहिलं नाही, त्यांनी काहीतरी कारणानेच लिहिलं नसेल ना. मंगळ नसता तर कोणी कशाला लपवलं असतं?"

"लपवलेलं नाही. विश्वास नसेल. वेळ माहीत नसेल. विसरले असतील."

"विसरतं का कोणी असं," कार्यवाह म्हणाले. लॅपटॉपची खिडकी बंद करायला विसरणारे ते हेच.

"सगळ्यांना फोन करून विचारू या," मी म्हटलं. "चार दिवसांचं काम आहे, मी करतो."

"आता वेळ नाही," अध्यक्ष म्हणाले. "सावधगिरीचा मार्ग घ्यावा. रिकामं असेल तिथे 'आहे' धरा. उद्या कोणी म्हणायला नको की मंडळाने मंगळ दडवला."

हात वर झाले. माझा झाला नाही. मी विरोध केला, बोलून केला. पुढे इतिवृत्त आलं त्यात होतं, 'एक सदस्य तटस्थ'. माझाही रकाना त्यांनी आपल्या सोयीने भरला होता.

तो बदल मी केला नाही. कार्यवाहांनीच केला, आणि एरवी मंगळ की मंगल यात चुकणाऱ्या माणसाने या वेळी एकही चूक केली नाही. सगळ्या रिकाम्या जागांत 'आहे'.

आणि फोन यायला लागले.

मी बहिणीकडे चहाला बसलो होतो तेव्हा त्यातला एक आला. पलीकडच्या बाई इतक्या मोकळ्या आवाजात बोलत होत्या की मलाही ऐकू येत होतं. मूळचे नागपूरचे, आता इथेच हबीबगंजजवळ. "स्टेशनचं नाव बदललं हो, पण आम्ही हबीबगंजच म्हणतो." मुलगा बँकेत, स्वभाव शांत. "फक्त मंगळ जरा कडक आहे त्याचा. तुमच्या मुलीचाही आहे बघून इतकं बरं वाटलं. नाहीतर मिळतात कुठे आजकाल, सांगा."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"हो," ती म्हणाली. "आहे."

भाची दारात उभी होती. कॉलेजातून नुकतीच आली होती, पर्स खांद्यावरच.

"आई, काय आहे?"

"काही नाही. स्थळ आहे."

"तू 'आहे' म्हणालीस."

"मग काय म्हणू? दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी आपणहून विचारतंय तुला. नाही म्हणू?"

"मला नाही विचारत ते. मंगळाला विचारताहेत."

"तुझं हे असं बोलणं असतं, म्हणूनच..."

"म्हणूनच काय? मामाने सांगितलं ना, माझं बोलणं कोणापर्यंत पोचलंच नव्हतं."

बहीण उठून ओट्याकडे गेली. उकळत असलेल्या चहात तिने आणखी एकदा साखर घातली. आम्ही तो तसाच प्यायलो. थोड्या वेळाने पाठ आमच्याकडे ठेवूनच ती म्हणाली, "मुलगा शांत आहे म्हणतात. एकदा बघायला काय जातं? नंतर सांगू की चूक झाली लिहिण्यात."

"लिहिण्यात नाही झाली," भाची म्हणाली. "मी लिहिलंच नव्हतं." आणि माझ्याकडे वळून, "मामा, खोडता येतं का रे?"

"येतं."

"पूर्ण?"

बहीण कप विसळत राहिली. या प्रश्नात ती कुठल्या बाजूला होती ते मला आजही सांगता येणार नाही. मीही विचारलं नाही.

भाचीने मेळाव्यापर्यंत थांबण्याचा तह मोडला, किंवा तिच्या म्हणण्याप्रमाणे तो मंडळाने मोडला. तिकीट काढलं. ज्या दुपारी तिची गाडी होती, त्याच दुपारी मी मंडळात गेलो. नाव मागे घेण्याचा अधिकार उमेदवाराला आहे, एवढं तरी नियमांत होतं.

कार्यवाह हॉलमध्ये मोठा पडदा लावून घेत होते. "आता का काढता, काका? आता तर फोन येताहेत."

"म्हणूनच."

त्यांना ते विनोदाने बोललेलं वाटलं. ते हसले.

कार्यालयातल्या संगणकावर बसून मी तिची ओळ खोडली. पण ओळ खोडली म्हणजे ती नाहीशी होत नाही. डेटाबेस त्या जागेवर 'मोकळी' अशी खूण करतो, आणि अक्षरं तिथेच पडून राहतात, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फाइलीचा आकारही कमी होत नाही. ज्याला कसं बघायचं ते माहीत आहे त्याला नाव, फोटो, मंगळ सगळं दिसू शकतं. पूर्ण पुसायचं तर सगळी फाइल नव्याने रचून घ्यावी लागते. मी ती आज्ञा दिली.

डेटाबेस इज लॉक्ड.

हॉलमध्ये गेलो. "तुमच्याकडे फाइल उघडी आहे."

"बंद आहे, काका."

"खाली पट्टीत बघा."

त्यांनी बघितलं. "अरे हां. इथे आहे की. आत्ताच पडद्यावर लावून बघत होतो." आत त्याच इंजिनियरची उंची होती. अजून अर्धवट.

त्यांनी खिडकी बंद केली, मी परत आलो, आज्ञा पुन्हा दिली. फाइल किंचित लहान झाली. भाचीचा संदेश आला होता: गेलं का? मी लिहिलं, गेलं. तिची गाडी तोवर सुटली असावी.

तिला खरं तेच लिहिलं, फक्त त्या एका फाइलीपुरतं. उठताना बघितलं तर टेबलावर अध्यक्षांसाठी एक पेन ड्राइव्ह होता, कोषाध्यक्षांसाठी एक, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंसाठी एक. फाइल एकच, हलकी, उचलून नेण्यासारखी. म्हणून बैठकीनंतर कार्यवाहांनी सगळ्यांसाठी तिची एकेक प्रत काढून ठेवली होती. हेच या प्रकाराचं मोठं कौतुक, मीही कोणाला सांगताना हेच सांगत आलो. त्या सगळ्या प्रतींत माझी भाची शिक्षिका आहे, चष्मा नाही आणि मंगळ आहे. मेळाव्याला त्यातलीच एक पडद्यावर लागली. कोणाची ते विचारलं, तर सगळे म्हणाले, माहीत नाही, आणि त्या दिवशी ते संस्थेला शोभलं.

फोन अजून येतात. मागच्या रविवारी मी बहिणीकडे होतो तेव्हाही आला. तिने हात पदराला पुसले, फोन घेतला आणि पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मी समोर आहे हे तिला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "हो, आहे." आणि जरा थांबून, "पण ती इथे नसते."